चंद्राचे जुने नकाशे ऑनलाइन पाहताना या चुका टाळा

सर्वांत जास्त फसगत दिशेमुळे होते. खगोलीय दुर्बिणीतून चंद्र उलटा दिसतो, म्हणून बिअर आणि मेडलर या जर्मन खगोलनिरीक्षकांच्या १८३४-३६ मधील प्रसिद्ध नकाशात दक्षिण दिशा वर आहे, आणि त्या काळच्या इतर अनेक नकाशांतही तीच पद्धत आढळते. पूर्व-पश्चिमेचा घोळ याहून मोठा आहे: १९६१ पर्यंत या दिशा पृथ्वीवरील आकाशाप्रमाणे लिहिल्या जात, त्यानंतर त्या चंद्रावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने ठरवण्यात आल्या. म्हणूनच ‘पूर्वेचा समुद्र’ असे नाव मिळालेला मारे ओरिएन्टाले आज चंद्राच्या पश्चिम कडेला आहे.

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या गच्चीवर शुद्ध दशमीच्या एका संध्याकाळी मी कोपर्निकस विवर शोधत तासभर घालवला. नकाशा १८० अंशांत फिरवूनही काही जुळेना. न्यूटनी, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीला तेवढे पुरते. माझ्या भिंगाच्या दुर्बिणीला मात्र काटकोनी आरसा जोडलेला होता आणि त्यात डावे-उजवे बदलते. अशा वेळी उत्तर वर असलेली प्रतिमा मोबाइलवर आडवी ‘फ्लिप’ करावी.

नाव शोधूनही सापडत नसेल, तर नकाशाचे साल पाहावे. खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसच्या १६४७ च्या नकाशात कोपर्निकसच्या जागी ‘एटना पर्वत’ असे नाव आहे. आज वापरात असलेली बहुतेक जुनी नावे इटालियन खगोलशास्त्रज्ञ रिचोलीने १६५१ मध्ये दिलेली आहेत.

ह्यूस्टनच्या लूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटने उपलब्ध करून दिलेल्या १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशांत एक मिलिमीटर म्हणजे एक किलोमीटर. मी त्यातला कोपर्निकसचा नकाशा सीताबर्डीत ‘फिट टू पेज’ करून छापून घेतला आणि ९३ किलोमीटरचे विवर पट्टीवर जेमतेम ६० मिलिमीटर भरले. अंतर नेहमी नकाशावरील प्रमाणपट्टीनेच मोजावे. अक्षरे फुटत असतील तर बहुधा लघुप्रतिमाच उतरवली गेलेली असते. मूळ मोठी फाइल घ्यावी.

दोन नकाशांत फरक दिसला की चंद्रच बदलला, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. अथेन्सचा खगोलशास्त्रज्ञ युलियस श्मिट याने १८६६ मध्ये लिने विवर नाहीसे झाल्याचे जाहीर केले, कारण आधीच्या नकाशांत ते ठळक दाखवलेले होते आणि त्याला तेथे केवळ पांढुरका डाग दिसला. लिने आजही जागेवर आहे, जेमतेम सव्वादोन किलोमीटर रुंदीचे. एवढेसे विवर त्या काळच्या दुर्बिणीतून कधी विवर, तर कधी डाग दिसणारच.