रीफ टँकसाठी एलईडी घेताय? मग या चुका टाळा

खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचा टँक, लावणाऱ्या बहुतेकांचं गणित असं असतं की काच, संप (गाळणीची खालची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पंप, मीठ, रॉक या सगळ्यात पैसे संपतात आणि लाईटची आठवण सगळ्यात शेवटी येते, मग "सध्या हा स्वस्तातला लावू, पुढचं पुढे बघू". दुसरी जमात याच्या बरोब्बर उलटी, ती आधी लाईटच घेते, तोही दुकानात सगळ्यात महाग असेल तो, आणि दोन फुटी टँकवर चार फुटी टँकला पुरेल एवढा उजेड टांगून बसते. गंमत म्हणजे कोरल दोघांचीही मरतात. माझं मत विचाराल तर आज मिळणाऱ्या बऱ्याच रीफ एलईडींमध्ये कोरल जगवायची ताकद असते, अगदी चिनी ब्लॅक बॉक्समध्येसुद्धा (काळ्या खोक्यासारखा स्वस्त लाईट). घोळ होतो तो निवडताना भलताच आकडा बघितल्याने, आणि लाईट एकदा टांगला की सेटिंगमध्ये सतत बोटं घालत बसल्याने.

वॉट आणि लुमेन बघून घेणं

"गॅलनला पाच वॉट" हा हिशोब लोक अजूनही एकमेकांना सांगतात. तो ट्यूबच्या जमान्यातला आहे, तेव्हा सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच असायच्या म्हणून चालून जायचं. एलईडीत वॉटवरून बिल किती येणार एवढंच कळतं (१०० वॉट, रोज १० तास, महिन्याला ३० युनिट, झालं). आणि खोक्यावरचे वॉट खरे असतातच असंही नाही. तो सगळीकडे दिसणारा १६५ वॉटचा ब्लॅक बॉक्स घ्या, आत ३ वॉटचे ५५ एलईडी म्हणून १६५, पण ड्रायव्हर त्यांना पूर्ण करंट देतच नाही, सॉकेटला पॉवर मीटर लावून बघा, आकडा बराच खाली येतो. यात वाईट काही नाही, उलट एलईडी थंड राहतात, फक्त दोन लाईटची तुलना करताना तो आकडा धरू नका.

लुमेनचं तर विचारूच नका. लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त दिसतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पोपटी उजेड. कोरलच्या पेशीत जे सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली, ते मुख्यतः ४०० ते ४८० मधल्या जांभळ्या-निळ्या उजेडावर काम करतं, आणि नेमका तोच आपल्याला मंद दिसतो. म्हणजे धोका उलट्या बाजूने आहे, "अरे किती कमी उजेड आहे" म्हणून तुम्ही निळा चॅनल (लाईटमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा कंट्रोल असतो तो) वाढवत जाता आणि खाली कोरल भाजून निघतं. मोबाईलवरचं लक्स मोजायचं अ‍ॅपही निळ्यात असंच गंडतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

बघायचं ते पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात त्याचा आकडा, मायक्रोमोलमध्ये. ढोबळ हिशोब असा, मश्रूम, लेदर, झोआ वगैरे सॉफ्ट (कडक सांगाडा नसलेल्या) कोरलला ५० ते १००, हॅमर, टॉर्च, अकान यांसारख्या एलपीएसला (मोठ्या पॉलिपची, कडक सांगाड्याची कोरल) ७५ ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरा-माँटिपोरा ही एसपीएस (बारीक पॉलिपची, कडक सांगाड्याची कोरल) पाळायची असतील तर २०० ते ३५०. यावर हमखास कोणीतरी म्हणतं की समुद्रात तर भर दुपारी २००० असतो, मग आपण का घाबरायचं. अहो तो पाण्याच्या पृष्ठभागावर, सूर्य डोक्यावर असताना, काही तासांपुरता. खाली जाताना तो झपाट्याने कमी होतो, आणि बऱ्याच कोरलच्या शेवाळाचं पोट २०० ते ४०० मध्येच भरतं, त्यावरचा उजेड त्याला उपयोगाचा नाही, त्रासाचाच.

कंपनीचा पीएआर चार्ट बघताना मात्र चार प्रश्न विचारा: लाईट किती उंचीवर होता, किती खोलीवर मोजलं, हवेत मोजलं की पाण्यात, आणि तो आकडा लाईटच्या बरोब्बर खालचा, मधलाच आहे का. मधला एकच आकडा छापला असेल तर तो जाहिरातीसाठी आहे असं समजा. स्वतःचं मीटर घ्यायचं तर अपोजीचं एमक्यू-५१० पाण्यात मोजण्यासाठीच बनवलंय, महाग आहे, पण हे काही रोज लागणारं यंत्र नाही, आपल्या ग्रुपमध्ये पाच-सहा जणांनी मिळून एक घेतलं तरी सगळ्यांचं भागतं. अपोजीची जुनी मॉडेल्स निळा उजेड कमी दाखवतात, कोणाकडून आणणार असाल तर मॉडेल नंबर बघून घ्या.

निळ्या फोटोला भुलणं

दुकानात गेलात की सगळे टँक गच्च निळे, आणि प्रत्येक फ्रॅग (कोरलचा तोडून विकायला ठेवलेला तुकडा) रेडियमचा बनवल्यासारखा चमकतोय. ती चमक कोरलमधल्या फ्लुरोसंट प्रोटीनची, ती निळा उजेड घेऊन हिरवा-केशरी बाहेर टाकतात, आणि फोटो तर वर केशरी फिल्टर लावून काढलेला. तो रंग खोटा नाही पण तुमच्या घरी पांढऱ्या-निळ्या मिक्समध्ये तोच फ्रॅग मातकट हिरवा दिसला की लोक लाईटला शिव्या घालतात आणि नवीन लाईट शोधायला लागतात. घेण्याआधी दुकानदाराला पांढरा चॅनल चालू करायला सांगा. चांगला दुकानदार करतो. जो करत नाही त्याच्याकडून निदान महागाचं काही घेऊ नका, कारण नुसत्या निळ्यात कोरलचं उघडं पडलेलं हाडूक, फ्लॅटवर्म, बुरशीसारखे डाग काहीच नीट दिसत नाही. घरीही तेच, दिवसातून थोडा वेळ पांढरा ठेवा म्हणजे टँकची तब्येत दिसेल.

याच्या उलट चूक म्हणजे घरात पडलेला प्लँटेड टँकचा लाईट वापरणं. त्यात लाल एलईडी भरपूर, झाडांचा हिरवा-लाल रंग खुलावा म्हणून. समुद्रात लाल उजेड वरच्या काही मीटरमध्येच संपतो, कोरलला त्याची फारशी गरज नाही आणि जास्त दिला तर त्रास होतो असा अनुभव आहे, शिवाय नको ते शेवाळ खूश. रीफच्या लाईटमध्ये लाल-हिरवे चॅनल असतात ते आपल्या डोळ्यांसाठी, ते ५ ते १० टक्क्यांच्या वर न्यायचं काही कारण नाही. केल्विनच्या आकड्यावरून (उजेड किती निळसर ते सांगणारा), १४,००० की २०,०००, फार भांडत बसू नका, त्यापेक्षा ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू आणि ४०० ते ४२० चा व्हायोलेट, हे दोन्ही आहेत ना ते विचारा.

आता कोरलचा विषय निघालाच आहे तर, मालवण-वेंगुर्ल्याच्या किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून जिवंत कोरल, सी फॅन, किंवा मेलेल्या कोरलचा दगडसुद्धा उचलून आणू नका. भारतातली सगळी स्टोनी कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. विकत घेताना माल कुठून आला, कागद आहेत का, हे विचारायला लाजू नका.

एकच लाईट, बरोब्बर मधोमध

चार फुटी टँक, वर एकच ताकदवान फिक्स्चर, मध्ये ३०० पीएआर आणि कोपऱ्यात ५०-६०. हे अगदी सहज होतं. मग मधलं अ‍ॅक्रोपोरा पांढरं पडतं, कोपऱ्यातला झोआ मान लांब करून उजेड शोधतो, आणि मालक म्हणतो लाईटच बेकार. साधारण दोन फूट बाय दोन फुटाला एक फिक्स्चर हा हिशोब धरा, चार फुटाला दोन मध्यम लाईट एका भारी लाईटपेक्षा नेहमी चांगले.

लेन्सकडे कोणी बघतच नाही. ६० अंशाची लेन्स उजेड गोळा करून खोल पाठवते, ती अडीच-तीन फूट खोल टँकसाठी, आपल्या दीड फुटी टँकवर ती म्हणजे टॉर्च मारल्यासारखं. दीड-दोन फूट खोलीला ९० ते १२० अंश पुरे. लाईट पाण्यापासून ८ ते १२ इंच वर ठेवा, वर नेला की उजेड जास्त पसरतो, मधला भडकपणा कमी होतो, आणि मिठाचे शिंतोडेही कमी उडतात.

आणखी एक, एलईडीच्या सावल्या कडक पडतात. प्लेटसारखं वाढणारं माँटिपोरा वर्षभरात मोठं झालं की त्याच्या खालचं सगळं अंधारात जातं, फांद्यांची खालची बाजू मरायला लागते. जे लोक एसपीएसबद्दल सिरियस आहेत ते दोन्ही बाजूंनी टी-५ ट्यूब (बारीक ट्यूबलाईट) किंवा निळे एलईडी बार लावतात ते उगाच नाही. फक्त सॉफ्ट आणि एलपीएस ठेवणार असाल तर या खर्चात पडू नका.

पहिल्याच दिवशी फुल पॉवर

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. डोंबिवलीतल्या एका मित्राने टी-५ काढून एलईडी लावला, रविवारी दुपारी, ८० टक्क्यांवर, कारण डोळ्याला तो आधीइतकाच वाटत होता. त्याचं हॅमर आठवडाभर आधी मुठीएवढं फुगलेलं असायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोंडं निम्मी आत गेली, टोकांचा जांभळा तसाच पण देठाचा तपकिरी रंग पातळ व्हायला लागला, जवळून बघितलं तर काचेसारखा आरपार, आणि खाली पांढऱ्या सांगाड्याच्या धारा दिसत होत्या. पुढे त्याने जे केलं ते सगळेच करतात, लाईट एकदम २० टक्क्यांवर आणला, दोन दिवसांनी कोरल उघडत नाही म्हणून परत ५०, मग जागा बदलली, मग पाणी बदललं. बिचाऱ्या कोरलला नक्की कशाशी जुळवून घ्यायचं तेच कळेना.

कोरलचं शेवाळ उजेडाप्रमाणे स्वतःला बदलतं पण त्याला आठवडे लागतात. उजेड एकदम वाढला की प्रकाशसंश्लेषणात जादा ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं, हेच ते ब्लीचिंग. म्हणून नवीन लाईट असेल तर जे टार्गेट ठरवलंय त्याच्या निम्म्यावर सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्या. बऱ्याच फिक्स्चरमध्ये अ‍ॅक्लिमेशन मोड असतो (उजेड आपोआप हळूहळू वाढवणारं सेटिंग) तो वापरा की. नवीन फ्रॅग आणला तर तो आधी खाली वाळूवर, मग वर.

तास वाढवून उजेड वाढतो हेही विसरू नका. १५० पीएआर १० तास आणि ३०० पीएआर ५ तास, दिवसभराची बेरीज दोन्हीची ५.४ मोलच. पाहुणे रात्री येतात म्हणून १४ तास लाईट चालू ठेवणारे लोक मी बघितलेत. ८ ते १० तास पुरेत, आणि रात्री खरोखरचा अंधार पाहिजे, तो निळा मूनलाईट रात्रभर नको.

लक्षणं वाचायची तर घाई करू नका. कोरल फिकट, वरून पांढरं पडतंय, खालची बाजू ठीक: उजेड जास्त. सगळं कोरल हळूहळू तपकिरी: बहुतेकदा उजेड कमी किंवा नायट्रेट-फॉस्फेट जास्त. झोआ, मश्रूम लांबुडके होऊन वर ताणतायत: उजेड कमी. पण एसपीएसची कातडी बुंध्यापासून सोलत वर चालली असेल तर लाईटला हात लावू नका, आधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तपासा, ती बहुतेक वर-खाली झालेली असते. आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवत असताना कोरल फिकट पडत असेल तर ते उपाशी आहे, अशा टँकमध्ये भारी लाईट आणखी घात करतो. उजेड वाढवला की कोरल कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जास्त खातं, त्यामुळे लाईट वर नेत असताना केएच (म्हणजे अल्कलिनिटीच) दोन दिवसांआड तपासा. नवीन टँकमध्ये वाळूवर येणारा तपकिरी थर डायटमचा (एकपेशी सूक्ष्म शेवाळ), तो लाईट बदलून जात नाही, आपोआप जातो.

महावितरण, मे महिना आणि मीठ

स्वस्त टायमरवाल्या लाईटमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, दुपारी वीज गेली आणि आली की त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर, मग टँकमध्ये मध्यरात्री सूर्य उगवतो आणि तुम्ही झोपलेले. घेताना हे विचाराच. वायफायवाले लाईट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात, नवीन राऊटरवर जोडला जात नाही म्हणून लगेच परत करू नका. लाईटच्या वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटात जाणार नाही, आणि टँकच्या लाईनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या, यात काटकसर नको.

मेमध्ये मुंबई-ठाण्यात खोलीच ३३-३४ असते आणि टँक २५-२६ वर ठेवायचा असतो. एलईडी जुन्या मेटल हॅलाईड दिव्याइतका पाणी तापवत नाही हे खरं पण बंद हूडमध्ये कोंडला तर स्वतः तापतो, फॅनवाला असेल तर फॅनमध्ये मीठ आणि धूळ जमून तो गुरगुरायला लागतो, मग एक दिवस बंद, मग एलईडी मंद. दर दोन-तीन महिन्यांनी फॅन उघडून ब्रशने साफ करा. लेन्सवर मिठाचा पांढरा थर साचतो तो आठवड्याला आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसायचा, लाईट बंद करून. खूप दिवसांनी पुसणार असाल तर मात्र आधी सेटिंग थोडं खाली आणा, नाहीतर तोच पहिल्या दिवशी फुल पॉवरवाला प्रकार होतो.

सेकंड हँड घेत असाल तर प्रत्येक चॅनल वेगवेगळा १०० टक्क्यांवर लावून बघा, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की बंद पडलेला एलईडी लगेच कळतो, मागचे स्क्रू आणि सॉकेटची पिन गंजलीय का बघा, आणि निदान अर्धा तास चालू ठेवून फॅनचा आवाज ऐका. मूळ अ‍ॅडॉप्टर मिळत नसेल तर किंमत पाडून मागा, तोच सगळ्यात आधी जातो.