नवशिक्याला एपीएल कशी शिकवावी: सुरुवात आयर्विन पुलावरून

एपीएल ही प्रोग्रामिंगची भाषा नवख्याला दोन गोष्टींमुळे नकोशी होते. एक म्हणजे कीबोर्डवर नसलेली चिन्हं, आणि दुसरी म्हणजे ती चिन्हं दाखवणारा उत्साही माणूस. हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी एका ओळीत 'गेम ऑफ लाइफ' (चौकटींच्या जगण्या-मरण्याचा संगणकी खेळ) लिहून दाखवतो आणि समोरची मुलं वह्या मिटतात. खरं तर केनेथ आयव्हर्सन यांनी हार्वर्डमध्ये ही चिन्हं आधी गणित नेटकं मांडण्यासाठी तयार केली. १९६२ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी आयबीएमच्या संगणकावर ती भाषा म्हणून चालू लागली. तेव्हा शिकवतानाही हाच क्रम ठेवा. आधी प्रश्न, मग त्या प्रश्नापुरतं एकच चिन्ह.

सांगलीत प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात इथलं शेंबडं पोरही आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सांगतं: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ चा महापूर तर कुणी विसरलेलं नाही.

पहिली पायरी: काहीही इन्स्टॉल करू नका. ब्राउझरमध्ये ट्रायएपीएल ही वेबसाइट उघडा, तिथे एपीएल तशीच चालवता येते. वरच्या पट्टीतल्या चिन्हावर बोट ठेवलं की ते ओळीत उमटतं, त्यामुळे कीबोर्डचं रडगाणं पहिल्या तासाला नको. आकडे मात्र इंग्रजीच टाकायचे. देवनागरी आकडे ही भाषा घेत नाही.

दुसरी पायरी: यादी. सात दिवसांची पातळी लिहायला सांगा (हे आकडे नमुन्याचे आहेत):

31 34 38 43 46 44 39

एंटर दाबलं की तीच यादी परत येते. आता तिच्या आधी 12× लावा. सातही आकडे एकदम इंचांत येतात:

372 408 456 516 552 528 468

इथे थोडं थांबा. सी किंवा पायथन येणारी मुलं 'लूप (एकेका आकड्यावर तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना) कुठंय?' असं विचारतील. विचारू द्या, पण लगेच उत्तर देऊ नका.

तिसरी पायरी: प्रश्न. किती दिवस पाणी इशारा पातळीला किंवा तिच्या वर होतं?

40≤31 34 38 43 46 44 39
0 0 0 1 1 1 0

हो म्हणजे 1, नाही म्हणजे 0. हे कळलं की निम्मी एपीएल हाताशी आली, कारण आता मोजणं म्हणजे नुसती बेरीज:

+/40≤31 34 38 43 46 44 39
3

ही ओळ मोठ्याने वाचून घ्या, उजवीकडून: 'पातळ्या घे, ४० शी ताडून बघ, बेरीज कर.' क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आपल्याला हा क्रम जड जात नाही. त्यानंतर + च्या जागी ⌈ ठेवायला लावा आणि 40≤ काढून टाका. उत्तर 46, आठवड्यातली सर्वांत वरची पातळी. तिरकी रेघ काय करते, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: कंचेभागुबेव विसरायला लावा. 3×2+4 चं उत्तर आधी वहीत काढू द्या. सगळे 10 लिहितील. एपीएल 18 म्हणेल. इथे गुणाकाराला मान नाही आणि बेरजेला कमीपणा नाही, सगळं उजवीकडून. हे वादावादी करून घेण्यासारखं आहे, घाईने उरकू नका.

पाचवी पायरी: मुद्दाम अडकवा. रोज पाणी किती चढलं हे काढण्यासाठी जोड्यांची वजाबाकी करायची:

2-/31 34 38 43 46 44 39
¯3 ¯4 ¯5 ¯3 2 5

पाणी चढतंय आणि उत्तर उणे! का, हे मुलांनाच शोधू द्या: प्रत्येक जोडीत आदल्या दिवसातून दुसरा दिवस वजा होतोय. ओळीच्या अगदी आधी एक साधं वजा लावलं की चिन्हं उलटतात आणि 3 4 5 3 ¯2 ¯5 मिळतं. वर चढलेली छोटी रेघ हा उणे आकड्याचाच भाग, मधली रेघ ही वजाबाकीची क्रिया, हेही इथेच सांगून टाका. मग 1 2 3+4 5 टाकून 'लेंग्थ एरर' (दोन याद्यांची लांबी जुळत नाही ही तक्रार) हाताने आणवा. स्वतः आणलेल्या एररची भीती वाटत नाही.

सहावी पायरी: तक्ता. कऱ्हाड आणि सांगली, प्रत्येकी तीन दिवस, हेही आकडे नमुन्याचेच:

2 3⍴24 29 33 31 34 38

दोन ओळी, तीन स्तंभ. याच्या आधी ⌈/ लावलं तर प्रत्येक गावाचा सर्वांत मोठा आकडा येतो, 33 38. रेघेवर आडवी काट मारून ⌈⌿ केलं तर प्रत्येक दिवसाचा, 31 34 38. हे बोलून पटत नाही, फळ्यावर तक्ता काढून आडवा आणि उभा हात फिरवावा लागतो.

सरासरीची (+/÷≢) ही देखणी ओळ मात्र सध्या दाखवू नका. आधी बेरीज, मग ≢ ने मोजणी, मग भागाकार, असं तीन ओळींत करू द्या. 'एवढं कशाला लिहायचं?' असं मुलं कुरकुरली की मग ती ओळ दाखवा, आणि मघाचा लूपचा प्रश्नही त्याच तासाला घ्या.