लीप सेकंद आणि लिनक्सचं घड्याळ

लीप सेकंदाने, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला जागतिक वेळेत घातलेल्या जादा सेकंदाने, सर्व्हर गडबडतात ते बहुतेकदा घड्याळ मागे सरकल्यामुळे. यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) २३:५९:५९ नंतर २३:५९:६० येतं, पण लिनक्स वापरतं त्या युनिक्सच्या वेळेत दिवस ८६,४०० सेकंदांचाच असतो. साठाव्या सेकंदाला तिथे जागा नाही, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकोणसाठावा सेकंद दोनदा मोजतं. जून २०१२च्या लीप सेकंदाला तर हा बदल कर्नलच्या हाय-रिझोल्यूशन टायमरपर्यंत पोचलाच नाही. टायमर मुदतीआधीच संपू लागले आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले. डेट कमांडने आहे तीच वेळ पुन्हा लावली की ते शांत होत.

नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा क्रॉनी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘लीपसेकमोड स्ल्यू’ आणि ‘मॅक्सस्ल्यूरेट १०००’ या दोन ओळी घाला. मग उडी न मारता यूटीसी मध्यरात्रीपासून घड्याळ थोडं मंद चालतं आणि साधारण १७ मिनिटांत सेकंद जिरतो. दुसरी ओळ, म्हणजे मंद होण्याची मर्यादा, विसरू नका. मूळ मर्यादेत हेच काम १२ सेकंदांत उरकतं, पण तेवढा वेळ घड्याळ आठ टक्क्यांहून अधिक मंद असतं. सगळ्या मशीनवर सेटिंग एकच हवं, नाहीतर त्या १७ मिनिटांत त्यांच्या वेळा जुळणार नाहीत.

गूगलचे सार्वजनिक टाइम सर्व्हर हाच सेकंद दुपार ते दुपार असा २४ तासांत पसरवतात. ते घेतलेत तर फक्त असे पसरवणारेच सर्व्हर घ्या. साध्या सर्व्हरशी मिसळले की मध्यरात्री दोन गटांत अर्ध्या सेकंदाची तफावत पडते आणि खरी वेळ कुणाची हे क्लायंटला ठरवता येत नाही. अशा क्लायंटवर ‘लीपसेकटीझेड’ची ओळही (ती क्रॉनीला लीप सेकंदाची तारीख टाइमझोनच्या माहितीतून देते) नको; तोच सेकंद दोन वाटांनी लागू होईल.

प्रोग्रॅममध्ये टाइमआउट आणि कालावधी मोनोटॉनिक क्लॉकवरच (कधीही मागे न जाणाऱ्या घड्याळावरच) मोजा, हे सर्वांत महत्त्वाचं. त्या घड्याळाला लीप सेकंदाची उडी लागतच नाही.

शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६चा, त्यामुळे नवा कोड बहुधा कधीच तपासला गेलेला नसतो. नेटवर्कपासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनवर क्रॉनी बंद करा, यूटीसी वेळ २३:५८ लावा, ॲडजटाइमेक्स या सिस्टिम कॉलने एसटीए-इन्स फ्लॅग (लीप सेकंद घाल अशी कर्नलला खूण) चढवा आणि मध्यरात्रीपलीकडचे लॉग वाचा. नंतर फ्लॅग उतरवा. तो तसाच राहिला तर कर्नल प्रतीक्षेत अडकतं आणि पुढची चाचणी होत नाही.