मिरीला घोस धरत नाहीत? आधी मान वर करून सावली बघा

वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या असतील आणि मिरीच्या आधारझाडांची छाटणी अजून राहिली असेल, तर बाकीची कामं बाजूला ठेवा आणि आधी कोयत्याला धार लावून घ्या. खत आठ दिवस मागेपुढे झालं तरी चालतं. छाटणी पावसात गेली की त्या वर्षाचं पीक निम्म्यावर आलंच, हे मी इतक्या बागांत पाहिलंय की आता दरवर्षी तेच तेच सांगतो.

‘मिरीला सावली लागते’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पश्चिम घाटाच्या जंगलातला हा वेल. त्याची मुळं पालापाचोळ्याखाली गारव्यात असतात, पण अंग झाडावर चढतं ते उजेडासाठी. घोस येतो तो नव्या फुटीवर. पहिल्या पावसात बाजूच्या आडव्या फांद्यांना पालवी फुटते आणि पानाच्या समोरून घोस बाहेर पडतो. त्या काही आठवड्यांत वरून उजेड मिळाला नाही, तर फुटीला नुसती पानंच येतात.

आणि पान फसवतं. गर्द सावलीतल्या मिरीचं पान मोठं, रुंद, काळपट हिरवं दिसतं. बघणारा म्हणतो, वाह, काय वेल आहे! अशाच एका बागेत मी भर श्रावणात उभा होतो. वेल वीस फूट चढलेला, पण खालपासून छातीपर्यंतच्या फांद्या उलटून पाहिल्या तर तीन घोस. शेजारच्या ओळीतलं एक झाड वादळात मोडून पडलं होतं. त्या उजेडाच्या खिडकीखालच्या वेलाला मात्र जवळपास प्रत्येक फांदीवर घोस. माती तीच, खत तेच. त्या शेतकऱ्याला मात्र विक्रेत्याने दोन वर्षं फुलोऱ्याचं टॉनिक आणि कसल्या कसल्या संजीवकांच्या बाटल्या दिल्या होत्या. सावलीवर औषध बाटलीत मिळत नाही. तो पैसा छाटणीच्या मजुरीला द्या.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. निरभ्र दिवशी दुपारी बाराच्या सुमारास वेलाच्या बुंध्याशी पांढरं धोतर किंवा चादर अंथरा आणि कवडसे बघा. मोठ्या, फळणाऱ्या वेलाखाली निम्म्याहून थोडी जास्त चादर उजळलेली दिसली पाहिजे. चार-दोनच ठिपके असतील तर कोयता चालवा. सगळीच चादर लख्ख असेल तर ऊन जास्त होतंय. हा माझा शेतातला अंदाज आहे, पुस्तकातला आकडा नव्हे. पण या चादरीने मला आजवर फसवलेलं नाही.

दाट सावलीचं दुसरं नुकसान जास्त भयंकर आहे. पान सुकत नाही, बुंध्याशी हवा खेळत नाही आणि फायटोफ्थोरा बुरशीला हवं तसं घर मिळतं. पानावर काळे डाग पडतात, त्यांची कड झालरीसारखी पसरत जाते. मग बुंधा सडतो आणि भरलेला वेल दोन-तीन आठवड्यांत खाली येतो. यालाच जलद मर म्हणतात. एकदा बुंधा सडला की तो वेल वाचत नाही. पोल्लू भुंगेऱ्याचा उपद्रवही सावलीच्याच भागात जास्त. त्याची अळी दाण्यात शिरून गर खाते आणि दाणा पोकळ राहतो. मल्याळममध्ये पोल्लू म्हणजे पोकळच. फवारणीआधी फांद्या विरळ करा, कीड तिथेच कमी होते.

आता छाटायचं कसं? इथेही घाई नडते. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात एका दिवसात सगळा शेंडा उतरवलेला मी पाहिलाय. आठवड्यात पश्चिमेकडची पानं पिवळी पडून करपली. म्हणून आभाळ भरून यायला लागलं की सुरुवात करा. आधी एकमेकांत शिरलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या फांद्या काढा. मग आठ-दहा दिवसांनी दुसरा हात फिरवा आणि मधल्या फांद्या विरळ करा. नैर्ऋत्येकडच्या एक-दोन फांद्या राखा, तिसऱ्या प्रहरचं ऊन तिकडूनच झोंबतं. झड लागण्यापूर्वी काम संपलं पाहिजे. ओल्या, शेवाळलेल्या खोडावर माणूस चढवायचा नाही, फांदी राहिली तर राहू द्या. तोडलेला पाला बाहेर फेकू नका, आळ्यात आच्छादनाला वापरा, मात्र बुंध्यापासून वीतभर लांब.

लहान वेलांचं गणित उलटं आहे. लागण आधारझाडाच्या उत्तर बाजूला करा, म्हणजे खोडाचीच सावली वेलावर पडते. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात झावळ्या किंवा डहाळ्या बांधून आडोसा करा. पाऊस लागला की तोच आडोसा आठवणीने काढा. तो तसाच राहून खाली रोप कुजलेलं मी दरवर्षी कुठे ना कुठे पाहतो.

जातीचाही विचार हवा. पन्नियूर-१ उघड्यावर चांगली फळते, दाट सावलीत ती हिरमुसते. करीमुंडा सावली बरीच सोसते. नारळ-सुपारीच्या दाटीत पन्नियूर-१ लावून मग घोस नाहीत म्हणून रडू नका.

छाटणीबरोबरची बाकीची कामं:

– पावसाच्या तोंडावर १ टक्का बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची फवारणी (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर), दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरात
– मोरचूदाचं पाणी कालवलेल्या चुन्याच्या पाण्यात ओतणे, भांडं प्लास्टिकचं. घासलेल्या सुरीवर तांबूस थर आला तर चुना वाढवणे
– कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) ०.२ टक्के, वेलाच्या आकारानुसार ५ ते १० लिटर बुंध्याशी
– ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) ५० ग्रॅम प्रति वेल, शेणखतात मुरवून. तांब्याच्या औषधाबरोबर एकदम देऊ नये
– शेणखत १० किलो प्रति वेल
– आंबट जमिनीत चुना ५०० ग्रॅम प्रति वेल, एक वर्षाआड
– पाण्याचा निचरा, चर मोकळे
– जमिनीवर सरपटणारे धुमारे कापणे किंवा वर बांधणे
– मेलेले वेल मुळासकट काढून जाळणे

यातलं सगळं वेळेवर झालं आणि सावली तशीच राहिली, तर बोर्डोसुद्धा पुरा पडत नाही. फवारा वरच्या पाल्यातच अडतो, वेलापर्यंत पोचतच नाही.

पाऊस ओसरताना आधारझाडं पुन्हा दाटतात. ग्लिरिसिडिया आणि पांगारा तर फारच झपाट्याने फुटतात. ऑगस्टच्या एखाद्या उघडिपीत परत चादर अंथरून बघा. तेव्हा फक्त नवे फुटवे काढा, जाड फांदीला हात लावू नका. पुढे ऑक्टोबरचं ऊन येतंय आणि घोसातले दाणे तेव्हा भरत असतात.