मॅमोग्राफीला येताना

मी मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, मशीनवर काम करते. रोज कुणीतरी विचारतंच, "ताई, दुखतं का हो?" दुखतं थोडं, खोटं कशाला सांगू, पण प्लेटचा दाब काही सेकंदांचाच. दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ४ फोटो. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात या, तेव्हा छाती कमी हुळहुळी असते.

आंघोळ करून या, पण काखेत पावडर, डिओ काही नको. परवा एक काकू घामोळ्यांची पावडर थापून आल्या. फोटोत पांढरे ठिपके! स्तनातले कॅल्शियमचे कणही असेच दिसतात, मग घोटाळा होतो. पुसून पुन्हा फोटो काढावे लागले. वन-पीसपेक्षा साडी किंवा पंजाबी ड्रेस बरा, वरचंच उतरवावं लागतं. मंगळसूत्र बरोबरच्या माणसाकडे द्या. माझ्या टेबलावर विसरलेली २ मी जिन्यापर्यंत धावत जाऊन परत केलीत.

जुन्या फिल्म आणाच, नुसता रिपोर्ट नको. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा. प्लेट गार लागते. खांदा सैल सोडा, "श्वास रोखा" म्हटलं की तेवढाच रोखा. नंतर सोनोग्राफी सांगितली म्हणून लगेच रडू नका. स्तन दाट असतील, म्हणजे आत चरबी कमी आणि ग्रंथी जास्त, तर ती बरेचदा लागते. आणि स्तनात हाताला गाठ लागत असेल, तर रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांना दाखवाच.