परदेशातलं सरकार पडलं, तर आधी काय बघायचं

मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक आंतरराष्ट्रीय पानावर. २४ नोव्हेंबर २०२१ ची दुपार मला अजून आठवते. स्वीडनच्या संसदेत माग्दालेना अँडरसन यांच्या पंतप्रधानपदासाठी मतदान झालं आणि वृत्तसंस्थेच्या कॉपीत आकडे आले: बाजूने ११७, विरोधात १७४. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान सोडायची घाई होती. मी मथळा दिला, ‘अँडरसन यांचा पराभव’. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने कॉपी शेवटपर्यंत वाचली आणि पान थांबवलं. अँडरसन हरल्या नव्हत्या. त्या स्वीडनच्या पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून निवडून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली आणि एकेका देशाला एकेक पान दिलं. बातमी वाचताना तुम्हालाही तशी वही करायची असेल, तर ती कशी भरायची ते सांगते. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. निवडणूक कोण जिंकलं हे नंतर बघा. त्या देशात सरकार पाडायला किती मतं लागतात आणि ती मतं कोणी द्यायची असतात, हे आधी शोधा. तेवढं कळलं की बाकीचं राजकारण उलगडायला लागतं.

पानाच्या डोक्यावर कनिष्ठ सभागृहाची सदस्यसंख्या लिहा आणि शेजारी निम्म्याहून एक जास्त. लोकसभा ५४३, म्हणजे २७२. जर्मनीची बुंडेस्टाग ६३०, म्हणजे ३१६. ब्रिटनचं हाउस ऑफ कॉमन्स ६५०, म्हणजे ३२६. ब्रिटनच्या आकड्यापुढे मात्र एक खूण करून ठेवा. उत्तर आयर्लंडमधला शिन फेन हा पक्ष निवडणूक लढवतो, जिंकतो, पण त्याचे खासदार सभागृहात बसत नाहीत. सभापती आणि उपसभापतीही एरवी मत देत नाहीत. त्यामुळे तिथे प्रत्यक्षात ३२० च्या आसपास मतं असली तरी सरकार तरतं. आणि कधीकधी सगळा खेळ एका मतावर येतो. २८ मार्च १९७९ ला जेम्स कॅलहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं पडलं. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला अटलबिहारी वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा फेटाळला गेला.

आता खरी मेख. ठरावावर प्रश्न नेमका काय विचारला जातो, तो शब्दशः वाचा. मी चुकले ते इथेच.

आपल्या डोक्यात भारताचा प्रश्न पक्का बसलेला असतो: ‘तुमच्याकडे बहुमत आहे का?’ स्वीडनमध्ये प्रश्न वेगळा आहे: ‘तुमच्या विरोधात बहुमत आहे का?’ तिथे ३४९ सदस्य आहेत. निम्म्याहून जास्त, म्हणजे १७५ जणांनी स्पष्ट ‘नको’ म्हटलं तरच उमेदवार पडतो. तटस्थ राहणाऱ्याचं मत इथे उमेदवाराच्या पथ्यावर पडतं. त्या दिवशी ५७ जण तटस्थ राहिले, एक गैरहजर होता आणि विरोधात पडली १७४. एक मत कमी पडलं म्हणून अँडरसन आल्या. पुढे काही तासांतच त्यांचा अर्थसंकल्प संसदेत हरला, मित्रपक्ष ग्रीन पार्टी सरकारबाहेर पडली आणि त्यांनी राजीनामा दिला. शहर आवृत्तीसाठी सगळं पान पुन्हा लावावं लागलं. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झालं. बाजूने १०१, विरोधात १७३, आणि त्या परत पंतप्रधान झाल्या. बाजूची मतं कमी झाली तरी निकाल तोच राहिला, कारण तिथे मोजायचा आकडा दुसरा आहे. स्वीडन-डेन्मार्कसारख्या देशांत अल्पमतातली सरकारं वर्षानुवर्षं चालतात, त्याचं मोठं कारण हेच.

जर्मनीत तिसराच प्रश्न विचारतात: ‘हे नकोत, तर मग कोण हवेत?’ हिटलरपूर्व जर्मनीत, म्हणजे वायमार प्रजासत्ताकात, टोकाचे डावे आणि टोकाचे उजवे सरकार पाडायला एकत्र यायचे, पण नवं सरकार बनवणं त्यांना मिळून शक्यच नव्हतं. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे १९४९ च्या राज्यघटनेत कलम ६७ आलं. चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, काढायचं तर त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरला बहुमताने निवडायचं. १९७२ मध्ये चॅन्सेलर विली ब्रांट यांना हटवायचा प्रयत्न झाला. विरोधी नेते राइनर बार्त्सेल यांना २४९ मतं हवी होती, पडली २४७. १ ऑक्टोबर १९८२ ला मात्र हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. आजवर जर्मनीत या मार्गाने केंद्रातलं सरकार बदललं ते एवढंच. स्पेननेही अशीच तरतूद केली. १ जून २०१८ ला मारियानो राहॉय यांच्या जागी पेद्रो सांचेझ आले, ते अशाच ठरावाने.

हे वाचताना मला दर वेळी १९९९ आठवतं. वाजपेयी सरकार पडलं, पण पर्यायी सरकार कोणालाच जुळवता आलं नाही. मध्यावधी निवडणूक लागली, आणि कारगिलचं युद्ध देश काळजीवाहू सरकारच्या हाताखाली लढला. जर्मनीच्या नियमात ठराव हरल्याबरोबर चॅन्सेलरला जावंच लागतं असं नाही. तसा नियम आपल्याकडे असता, तर तो उन्हाळा कसा गेला असता, याचा मी अनेकदा विचार केला आहे. मला स्वतःला जर्मन पद्धत जास्त जबाबदारीची वाटते. पाडणाऱ्याला आधी उत्तर तयार ठेवावं लागतं.

पुढचा रकाना पक्षादेशाचा. खासदाराने पक्षाचा व्हिप मोडला तर त्याचं काय होतं? भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून त्याची खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये पक्ष त्याला संसदीय गटातून काढतो, पण त्याची जागा शाबूत राहते. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या २१ खासदारांवर अशी कारवाई झाली. ते सभागृहात बसतच राहिले. म्हणून ब्रिटनमधल्या ‘बंडखोरी’ची बातमी आपल्या बंडखोरीच्या तराजूत तोलू नये. जर्मनीत तर चॅन्सेलरची निवड गुप्त मतदानाने होते. ६ मे २०२५ ला फ्रीडरिश मेर्त्स यांच्या आघाडीकडे ३२८ जागा होत्या, पण पहिल्या फेरीत त्यांना ३१० च मतं पडली. कोण फुटलं हे कळायला मार्ग नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मतांनी ते निवडून आले.

मतांच्या जागा कशा होतात हा रकाना थोडक्यात भरला तरी चालतो, पण रिकामा ठेवू नका. २०२४ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाला ३४ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ४११ जागा मिळाल्या. जर्मनीत २०२५ मध्ये एका नव्या पक्षाला ४.९८ टक्के मतं पडली. उंबरठा पाच टक्क्यांचा, त्यामुळे एकही जागा नाही. मराठी घरांशी नातं असलेला मॉरिशस या रकान्यात जरूर घ्या. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून तिघे निवडून जातात आणि मतदाराला तीन मतं असतात. रॉड्रिग्स बेटाचे दोन धरून ६२ जागा होतात. निकाल मात्र अनेकदा एकतर्फी लागतो: २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. कोणताही समाज वगळला जाऊ नये म्हणून पराभूतांमधल्या सर्वोत्तमांना जास्तीत जास्त आठ जागा देण्याची सोय तिथे आहे.

सर्वांत मोठ्या पक्षाचाच नेता पंतप्रधान होतो, हे गृहीत धरायचं नाही. गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि १३ भाजपला. सरकार बनवलं मनोहर पर्रीकरांनी, मित्रपक्ष आणि अपक्ष घेऊन. त्यावर तेव्हा रण माजलं. नेदरलँड्समध्ये सरकार बनवायची बोलणी सुरू करायला राजाऐवजी आता संसदच मध्यस्थ नेमते. तिथे २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला २९९ दिवस लागले. बेल्जियमला २०१०-११ मध्ये ५४१ दिवस लागले होते, आणि त्या काळात काळजीवाहू सरकारने लिबियातल्या हवाई मोहिमेसाठी विमानंही पाठवली. म्हणून शेवटच्या ओळीत लिहा: नवं सरकार येईपर्यंत जुनं काय काय करू शकतं.

एक पान भरून बघायचं असेल तर डेन्मार्क घ्या. १७९ सदस्य, निम्म्याहून एक जास्त ९०. प्रश्न स्वीडनच्याच घराण्यातला, फक्त पंतप्रधान नेमताना मतदानच होत नाही. विरोधात बहुमत उभं राहत नाही तोवर सरकार चालतं. आणि डेन्मार्कच्याच अखत्यारीतल्या फेरो बेटांचे दोन व ग्रीनलंडचे दोन सदस्य मोजायला विसरू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये डाव्या गटाचे मुख्य भूमीवर ८७ निवडून आले होते. ९० चा आकडा गाठला तो फेरो बेटांवरच्या एका आणि ग्रीनलंडच्या दोन जागांमुळे. एवढं करूनही तेव्हाच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी त्या गटाचं सरकार बनवलं नाही. डिसेंबरमध्ये त्या समोरच्या बाजूचा एक आणि मधला एक अशा दोन पक्षांना बरोबर घेऊन सत्तेवर बसल्या.