लैंगिक आजारांची तपासणी: नमुना देताना आणि रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

क्लॅमिडिया आणि गोनोरियाच्या पीसीआर (जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीत घोळ होतो तो बहुधा लघवी देतानाच. कल्चरसाठी (लघवीतले जंतू वाढवून बघण्यासाठी) मधल्या धारेची लघवी द्यायची सवय असते, म्हणून इथेही तीच दिली जाते. या तपासणीला मात्र पहिलीच धार हवी, कारण मूत्रमार्गाच्या अस्तरावरचे जंतू तिच्याबरोबर वाहून येतात. आधी निदान एक तास लघवीला जाऊ नका, धुऊन-पुसूनही घेऊ नका. सुरुवातीची 20 ते 30 मिलीच डबीत धरा. डबी गच्च भरली की नमुना पातळ होतो आणि संसर्ग असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

स्त्रियांसाठी योनीमार्गातला स्वॅब लघवीपेक्षा भरवशाचा. साधारण 5 सेंमी आत घालून 10 ते 30 सेकंद फिरवायचा. टोक बोटाला किंवा कपड्याला लागलं तर नवा स्वॅब मागून घ्या. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर तेही सांगा. घशातला, गुदद्वारातला संसर्ग लघवीत सापडत नाही, तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो.

औषधाचा कोर्स संपला की लगेच पुन्हा पीसीआर करू नका. मेलेल्या जंतूंचे अवशेषही ती पकडते. क्लॅमिडियासाठी चार आठवडे जाऊ द्या.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो व्हीडीआरएल या सिफिलिससाठीच्या रक्तचाचणीमुळे. ही चाचणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. कार्डिओलिपिन नावाच्या मेदाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते. त्या गरोदरपणात, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपसमध्येही असू शकतात. असा खोटा पॉझिटिव्ह बहुतेकदा 1:8 (म्हणजे नमुना आठपट पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह) किंवा त्याखाली असतो, पण खरा आजारही तेवढाच दाखवू शकतो. म्हणून टीपीएचए (सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्याच अँटीबॉडी शोधणारी चाचणी) करून घ्या आणि तोवर कृपा करून जोडीदारावर आळ घेऊ नका. गरोदर असाल तर मात्र खात्री करण्याच्या नादात उपचार लांबवू नका, बाळाला धोका असतो.

टीपीएचए बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडले का, हे व्हीडीआरएलच्या टायटरवरून, म्हणजे या 1:8 सारख्या आकड्यावरून कळतं: 1:32 चा 1:8 झाला, म्हणजे चौपट उतरला. त्यासाठी प्रत्येक वेळी तीच चाचणी, त्याच लॅबमध्ये करा. अंगावर पुरळ आहे आणि तरीही व्हीडीआरएल निगेटिव्ह? अँटीबॉडी फार झाल्या तरी असं होतं. सीरम (रक्तातला पातळ द्रव) डायल्यूट करून पुन्हा बघायला लॅबला सांगा.

एचआयव्हीचं निदान एका रॅपिड किटवर होत नाही. सरकारी आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तीन वेगवेगळ्या किटवर पॉझिटिव्ह आल्यावरच तसा रिपोर्ट देतात. संबंधानंतर फार लवकर केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर रॅपिड चाचणी 90 दिवसांनी पुन्हा करा. केंद्राचा पत्ता हवा असेल तर 1097 वर फोन करा, तो मोफत आहे.